दुखवट्याच्या चटईची भरपाई

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. जुनी म्हणजे चांगली फाटकी. कडा झिजल्यात, एका कोपऱ्यात हात जाईल एवढं भोक आहे आणि अंगाला खोबरेल तेलाचा नि चुलीच्या धुराचा वास. तुम्ही नाक मुरडाल. मुरडा बापडे! मी प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवरची आहे, आणि आमच्याकडे माझ्यासारखीला गादीखाली सपाट घालून जिवापाड जपतात.

माझा जन्म वावाऊ बेटावरचा. केवड्याच्या जातीची लांब पानं समुद्रात भिजत घातली, उन्हात वाळवून पांढरी केली आणि गावातल्या बायकांनी मांडी घालून मला विणलं. विणताना त्यांनी अख्ख्या गावाची उणीदुणी काढली. कुणाचा नवरा आळशी, कुणाची सून तोंडाळ, ते सगळं मी तेव्हाच ऐकून घेतलं.

मी अंथरायची चटई नव्हे. मी दुखवट्याची. घरात मयत झालं की मला कमरेभोवती गुंडाळून दोरीने बांधतात. आणि आमच्याकडे बापाची बहीण, म्हणजे आत्या, मानाने घरात सगळ्यांहून मोठी. ती गेली की भाच्यांनी मोठी, जुनी, फाटकी चटई अंगावर घ्यायची, पार डोक्यापर्यंत ओढून. नवी कोरी नेसून आलात तर लोक म्हणतील, याला कसलं आलंय दुःख! म्हणून मी जसजशी फाटत गेले तसतसा माझा मान वाढत गेला.

लोसे आत्याच्या घरी मी कितीतरी वर्षं होते. तिच्या भावाने त्यांच्या आत्यासाठी मला अंगावर घेतलं होतं. दांडगा माणूस, पण माझ्या आत तोंड लपवून लहान पोरासारखा रडला. पुढे तोही गेला. त्याची मुलगी पालू ब्रिस्बेनला असते, म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम करते.

यंदा लोसे आत्याचं दुखणं बळावलं आणि डॉक्टरांनी हात टेकले. पालूचे दिवस भरत आलेले, विमानात बसायची तिला मनाई. आत्याने फोनवर सांगून टाकलं, "तू येऊ नकोस. मी गेले की तिथेच चर्चच्या हॉलमध्ये बसा माझ्यासाठी. चटई मी धाडते."

"आत्या, असं अभद्र नको गं बोलूस."

"मग कसं बोलू? मला दिसतंय ना. आणि तू काहीतरी नवं-बिवं गुंडाळून बसशील, चारचौघांत हसं होईल माझं."

शेजारणीचा हात धरून आत्या स्वतःच मला घेऊन टपाल कचेरीत आली. कारकुनाने विचारलं, "आजी, आत काय आहे? किंमत किती लिहू?"

आमच्याकडची रीत अशी, की आपण देतो ती वस्तू मोठी म्हणायची नाही. अख्खं डुक्कर भाजून नेलं तरी म्हणायचं, थोडंसंच आहे, गोड मानून घ्या. आत्याने मान खाली घातली. "कसली किंमत रे बाबा. जुनी फाटकी चटई. काही किमतीची नाही."

कारकूनही आमच्यातलाच. तिच्या मनात काय आहे ते त्याला पक्कं कळलं होतं. पण एवढ्या मोठ्या बाईला उलटून कसं बोलायचं? त्याने ती म्हणाली तसंच लिहिलं: जुनी फाटकी चटई, किंमत काही नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

ब्रिस्बेनच्या गोदामात माझं वेष्टन ओलं होऊन फाटलं आणि पत्त्याची चिठ्ठी कुठे गेली देव जाणे. कुणीतरी मला उचललं, उलटंपालटं केलं आणि म्हणालं, "सामानाखाली घातलेलं गवत दिसतंय." दारातून पाणी आत यायचं, तिथे मला पसरलं. माझ्यावरून सामानाच्या गाड्या जायच्या, माणसं बूट पुसायची. मित्रांनो, फार अपमान वाटायचा मला. माणसांचे अश्रू टिपणारी मी, तिथे चिखल टिपत पडले होते. आणि आत्या जाण्याआधी मी पालूकडे पोचले नाही तर काय, हा घोर वेगळाच.

इकडे पालू टपालाच्या खिडकीवर खेटे घालत होती. हे मला मागाहून तिच्याच तोंडून कळलं. खिडकीवर डेनिस नावाचा एक भला माणूस बसायचा.

"बाई, पार्सल आमच्याकडून हरवलं, कबूल," तो म्हणाला. "पण पाठवणाऱ्याने स्वतःच सांगितलंय, किंमत नाही. मग भरपाई देऊ कशाची?"

"अहो, माझी आत्या सगळ्यालाच असं म्हणते!"

"माझी आईही म्हणते. पण वरच्या साहेबांना मी दाखवू काय?"

तरी त्याने वर खटपट केली आणि माणुसकी म्हणून थोडी रक्कम मंजूर करून आणली. अट एकच होती. पालूने सही केली की शोध बंद, आणि पुढे चटई सापडलीच तर ती टपालाची. पालू तो कागद घेऊन घरी आली.

"कर सही," तिचा नवरा उआइने म्हणाला. "बाळाला अजून पाळणा नाही घरात. चटई काय, चर्चमध्ये कुणीही देईल उसनी."

"उसनी नेसून रडू मी आत्यासाठी?"

"मग काय तशीच बसणारेस? आत्या आता काय, आज आहे उद्या..." त्याने जीभ चावली.

पालूने आत्याला फोन लावला. आत्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"आत्या, किंमत नाही असं का गं सांगितलंस तिथे?"

"मग काय, बाजारातल्या बाईसारखी ओरडू, माझा माल भारी म्हणून? लाज नाही वाटणार मला?"

"ते पैसे देतायत. पण घेतले की शोधणं बंद."

आत्या म्हणाली, "घे की मग. बाळाला काहीतरी आण. एवढ्याशा फाटक्या चटईचं काय घेऊन बसलीस? मला काही नको."

फोन ठेवला आणि पालूला हुंदका फुटला. टपाल कचेरीत बोलली होती तेच आत्या परत बोलत होती. उआइनेनेही ते ऐकलं होतं. कागद तिच्यापुढून उचलून त्यानेच घडी घातली.

दुसऱ्या दिवशी पालूने तो सही न करताच परत दिला. "मला पैसे नकोत. तुम्ही शोधा."

"बाई, आणखी कुठे शोधू? सगळी कपाटं पालथी घातली. तसलं एकही पार्सल नाही."

"पार्सल नका शोधू. फाटकं, मळकं, टाकून द्यावंसं वाटेल ते शोधा. तुम्ही पायाखाली घ्याल ते बघा."

डेनिसला एकदम आपलेच बूट आठवले. रोज सकाळी थैल्या आणायला गोदामात शिरताना तो माझ्यावरच बूट पुसत असे. तो उठला तो तडक गोदामात आला आणि मला दोन्ही हातांवर घेऊन गेला. चेहरा लालबुंद झाला होता त्याचा. "माफ करा," एवढंच तो म्हणाला.

पालूने मला छातीशी धरलं. तेलाचा वास रबराच्या आणि चिखलाच्या वासाखाली दबला होता. भोकात हात घालून तिने मला ओळखलं आणि तिथेच खिडकीसमोर उभ्या उभ्या फोन लावला.

"आत्या, सापडली!"

पलीकडे आत्या रडायला लागली. "पालू, देवाजवळ हेच मागत होते गं मी. माझ्यासाठी कुणी नीट रडणारसुद्धा नाही, असं वाटायला लागलं होतं मला."

त्याच आठवड्यात लोसे आत्या गेली. चर्चच्या हॉलमध्ये पालू मला डोक्यापर्यंत ओढून खाली बसली. तिच्या वाढलेल्या पोटावर मी नीट पुरत नव्हते, तर उआइनेने गुडघे टेकून दोरी बांधून दिली. मग ती रडली. तिच्या बापाएवढीच रडली, आणि पोटातलं बाळ आतून लाथा मारत होतं. माझ्यावर गाडीच्या चाकांचे काळे पट्टे होते, पण कुणी तिकडे बोट दाखवलं नाही. मी माझ्या कामाला लागले होते, आणि मला फार समाधान वाटत होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी दुसरंच मागते. तुमच्या घरातलं एखादं थकलेलं माणूस "मला काही नको" म्हणालं, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. जरा बसा त्याच्याजवळ. पुन्हा एकदा विचारा.