कोटाचे माप

सकाळचे ऊन त्या खोलीत थेट कधीच येत नसे. आधी ते समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काचेवर पडे आणि तिथून वळून, पाणी घातलेल्या दुधासारखे पातळ होऊन, भिडस्त पाहुण्याप्रमाणे कडेकडेने खिडकीतून आत शिरे. पहिल्यांदा छतावर एक फिकट चौकोन उमटे. मग तो भिंतीवरून सावकाश उतरू लागे. घड्याळावरून, औषधांच्या वेळा लिहिलेल्या कागदावरून, रंगाचा पोपडा निघालेल्या जागेवरून. दारामागच्या खुंटीवरल्या राखाडी कोटापाशी आला की तो थांबे. खरे तर थांबत नसेच. कोटाच्या लोकरीत इतका मुरून जाई की पुढे सरकलेला कळत नसे. त्या वेळी कोटाचे खांदे भरल्यासारखे दिसत. वर्षानुवर्षे एकाच माणसाच्या अंगावर राहून कोटाने त्या माणसाची ठेवण उचलली होती. उजवा खांदा किंचित पुढे, कोपर जरासे वाकलेले. जणू कुणी भिंतीकडे तोंड करून उभे आहे आणि आत्ता वळून काहीतरी चेष्टेचे बोलणार आहे.

कोटावरून ते ऊन वडिलांच्या पलंगावर जाई. पण त्याच्या आत पलंगापाशी बसलेला मुलगा उठलेला असे. चहाचा कप विसळायचा, दाराची कडी पाहायची, काही ना काही काम त्याला नेमके त्याच घटकेला आठवे.

तो चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढी. अनोळखी माणसाच्या नाकावर जड चौकट बसवायची, भिंगे बदलत राहायचे आणि दिवसभर एकच प्रश्न विचारायचा, "आता बरं दिसतंय, की मघाचं?" माणसे चाचरत, अंदाजाने अक्षरे ठोकून देत, नापास होण्याची भीती वाटल्यासारखी. मग तो हळूच म्हणे, "परीक्षा नाही ही. दिसतंय तेवढंच सांगा." एवढे एक वाक्य त्याला न अडखळता बोलता येई. एरवी तो तोंडात मूग धरून बसणारा. वडील त्याला मौनी म्हणत.

वडिलांची सारी हयात लोकांना गाडी शिकवण्यात गेली होती. चाक शिकाऊ हातांत द्यायचे आणि शेजारच्या जागेवर, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून बसायचे. शिकणारे त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. जिभेला मात्र ब्रेक नव्हता. "बाई, तो खांब आपल्याआधीपासून उभा आहे, त्याचा मान राखा," असे ते म्हणत आणि शिकणारीच्या हाताचा थरकाप हसण्यात विरून जाई.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या पोटात दुखू लागले. शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर ते दिवसेंदिवस ओसरत गेले. डॉक्टरांनी ताईला आणि त्याला समोर बसवून सगळे सांगितले होते. ताई बाहेर आली आणि जिन्यात कठड्याला धरून रडली. त्याने मात्र त्या साऱ्या बोलण्यातले एकच वाक्य उचलले होते: वजन वाढलं तर पुढचं बघता येईल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. त्याने त्या काडीवर घर बांधले. दोन रविवार वजन उतरलेले दिसले, तेव्हा त्याने काटा पलंगाखाली सरकवला आणि तो बिघडला आहे असे जाहीर केले.

अशात एके सकाळी वडील म्हणाले, "मौनी, मला चामड्याचं जॅकेट घ्यायचंय."

"बाबा, आता?" ताईच्या हातातला चमचा थांबला.

"मग कधी? थंडी तोंडावर आलीय. जन्मभर वाटायचं, घातलं तर पोरं म्हणतील, मास्तर हिरो झाला. आता म्हणू देत."

त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आले. ज्याला येत्या थंडीची काळजी आहे, तो माणूस बरा होणारच, असा त्याचा हिशेब. तो स्वयंपाकघरात गेला तेव्हा ताई पाठमोरी उभी होती.

"डॉक्टर बोलत होते, तेव्हा तू होतास ना रे तिथे?"

"होतो."

"मग?"

"वजन वाढलं तर, म्हणाले ते."

"तर!" ताईने पातेल्यावर झाकण आदळले. "त्या 'तर'ला धरून किती दिवस लोंबकळणार आहेस?" मग आवाज उतरवून म्हणाली, "घेऊन जा त्यांना. गळ्याला गुंडाळायला काही विसरू नकोस."

निघताना त्याने खुंटीवरचा वडिलांचा राखाडी कोट घडी करून पिशवीत घातला.

जॅकेट शिवणाऱ्या बाई त्याच्या ओळखीच्या होत्या. वर्षामागे त्यानेच त्यांचा नंबर काढला होता. त्यांचे दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. आडव्या दांड्यांवर कातडी टाकलेली, आणि हवेत मेण, डिंक आणि जुन्या पुस्तकांसारखा एक कोरडा, उबदार वास. भिंतीला टेकून एक उंच आरसा होता. त्यात वडिलांचे प्रतिबिंब शिरले आणि तो पिशवीचे बंद सोडण्यात गुंतला.

"मास्तर, आधी सांगा, जॅकेट घालून करणार काय?" बाईंनी विचारले.

"बसणार. आम्ही बसणाऱ्यातले. उभ्यानं गाडी शिकवता येत नाही."

"मग कमरेपर्यंतच. खाली गेलं की बसताना पोटाशी गोळा होतं. आणि रंग? काळा त्यानं घ्यावा, ज्याला लोकांनी आपल्याकडे बघावं असं वाटतं. ज्याला लोकांना बघायचंय, त्यानं तपकिरी."

"मी जन्मभर आरशातून मागचे लोक बघितले. तपकिरी."

बाई हसल्या. त्यांनी एक कातडे ओढून वडिलांच्या मांडीवर टाकले. "हे म्हशीचं. दणकट, पण वजनदार. अंगठा दाबा. बारीक सुरकुत्या पडून सावकाश मिटतात की नाही? अस्सल चामडं असं वागतं. नकली असेल ते दाबलं तरी चेहरा बदलत नाही."

वडिलांनी उठून ते खांद्यावर घेऊन पाहिले. ओझ्याने ते एका बाजूला कलले आणि खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. "हे जॅकेट नाही हो, दुसरा माणूसच आहे. याला जेवायला कोण घालणार?"

"मग मेंढीचं बघा. हलकं, मऊ. पण जपावं लागतं."

"आम्हालाही जपावंच लागतंय. जमेल आमचं."

पुन्हा खुर्चीत बसून त्यांनी ते कातडे गालाला लावले आणि डोळे मिटले. किती वेळ ते तसेच बसून राहिले. बाईंनी घाई केली नाही. तो दांड्यांवरची कातडी मोजत राहिला आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा येत गेला.

मग बाईंनी गळ्यातली मापाची पट्टी काढली. तोच त्याने पुढे होऊन कोट मेजावर पसरला.

"माप याचं घ्या."

बाईंनी कोटाकडे पाहिले, मग खुर्चीतल्या माणसाकडे. त्या त्याला खिडकीपाशी घेऊन गेल्या. त्यांनी आवाज खाली आणला, पण खोली लहान होती.

"यांच्या अंगाचं आणि त्या कोटाचं माप एक नाही, दादा."

"सध्या नाही. अंग भरेल. तोपर्यंत तुम्ही आतून दाबून ठेवा, मग सोडता येईल."

"कापड असतं तर दाबलं असतं. चामड्यात एकदा सुई गेली की भोक कायमचं. टाका उसवला तरी भोक बुजत नाही. म्हणून तर आम्ही टाचणीसुद्धा लावत नाही, हे चिमटे वापरतो. एकदाच काय ते ठरवायचं. अंगाचं, की कोटाचं?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"तुम्ही मला सांगितलं होतंत, डावा डोळा आता सुधारायचा नाही. तोंडावर सांगितलंत. त्या दिवशी असा राग आला होता! पण घरी आले आणि मशीनवरचा दिवा डावीकडून उजवीकडे घेतला. तुम्ही गोड बोलला असतात, तर मी आजही चाचपडत बसले असते."

"ते वेगळं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "कोटाचंच घ्या."

"घालणाऱ्याला विचारू की नको?"

दोघेही वळले. वडील खुर्चीत बसून मुलाकडे पाहत होते. किती वेळ पाहत होते कोण जाणे. शिकाऊ माणूस चुकीच्या बाजूला चाक वळवतो, समोर रस्ता मोकळा असतो, आणि अशा वेळी ते ब्रेक न लावता त्याला थोडे जाऊ देत. तशी काहीशी ती नजर होती.

"पोराचं ऐका, बाई," ते म्हणाले. "कोटाचं घ्या."

कोटाच्या पाठीवर पट्टी ठेवून, उजव्या खांद्याचा तो पुढचा कल बोटांनी चाचपून, बाईंनी एकेक माप खडूने पाटीवर मांडले. वडिलांच्या अंगाला पट्टी लागलीच नाही.

जॅकेट तीन आठवड्यांनी तयार झाले. तोवर वडिलांना जिना उतरणे अशक्य झाले होते. तो एकटाच जाऊन घेऊन आला. बाईंनी ते तलम कागदात गुंडाळून दिले आणि निरोप म्हणून एवढेच म्हणाल्या, "खांदा त्यांचाच उतरलाय. तेवढं सांगा त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील म्हणाले, "आण रे माझं जॅकेट."

ताईने त्यांना पलंगाच्या कडेशी बसवले आणि पाठीला उशांचा आधार दिला. त्याने आधी डावा हात घातला, मग उजवा. हात बाहीत शिरला तो बाहेर आलाच नाही. बोटांची टोकेसुद्धा आत राहिली. कॉलर मानेपासून दूर, विहिरीच्या काठासारखी गोल उभी राहिली आणि त्या काठाच्या आत एक बारीक मान वळली. जॅकेटमध्ये खोट काढायला जागा नव्हती. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ, अस्तर गुळगुळीत, रंग भाजलेल्या मातीचा. उजवा खांदा हुबेहूब, किंचित पुढे आलेला. तो खांदा वडिलांच्या खांद्याच्या चार बोटे पलीकडे, हवेत, आपल्या आपण उभा होता.

वडिलांनी खाली वाकून स्वतःकडे पाहिले.

"गाडी उत्तम आहे," ते म्हणाले. "ड्रायव्हर लहान पडला."

ताई खो खो हसली. हसता हसता तिने तोंडावर हात धरला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ येत राहिला.

छतावरचा चौकोन एव्हाना भिंत उतरला होता. घड्याळ, कागद, पोपडा. दारामागची खुंटी आता रिकामीच होती; दुकानातून परत आल्यापासून कोट पिशवीतच होता. तिथे थांबायला काही नसल्यामुळे की काय, ऊन त्या दिवशी लवकर पलंगाकडे निघाले. त्याने उठून कपाकडे हात नेला.

बाहीतून बोटे बाहेर आली आणि त्यांनी त्याचे मनगट धरले. त्या पकडीत जोर नव्हता, फक्त हाडे होती.

"बस. कप कुठे पळून जात नाही."

तो बसला. ऊन आधी वडिलांच्या गुडघ्यांवर आले, मग जॅकेटवर चढले. चामडे त्या उजेडात जिवंत झाल्यासारखे दिसू लागले, आणि वरचा चेहरा कागदासारखा.

"आता बरं दिसतंय," वडिलांनी विचारले, "की मघाचं?"

आपलाच प्रश्न कुणी आपल्याला विचारील असे त्याला कधी वाटले नव्हते. समोरच्या अंधूक ओळी अंदाजाने वाचणारी ती सगळी माणसे त्याला आठवली.

"छान दिसतंय, बाबा. थोडं अंग भरलं की..."

"परीक्षा नाही ही, मौनी." वडील हलकेच म्हणाले. "दिसतंय तेवढंच सांग."

त्याने पाहिले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याने त्यांच्याकडे नीट, उजेडात पाहिले. कानशिलांच्या खोलगट जागा, पिवळट पडलेले डोळे, कॉलरच्या आत हलणारा कंठमणी.

"मोठं झालंय," तो म्हणाला.

"किती?"

"खूप."

वडिलांनी मान हलवली. एखाद्याला शेवटी गाडी मागे घेणे जमले की ते अशीच मान हलवत, शाबासकी न देता. जमिनीला टेकलेला त्यांचा उजवा पाय सवयीने एकदा खाली दाबला गेला, आणि मग सैल पडला.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. ऊन पलंगावर सगळीकडे पसरले होते. तो उठला नाही.

बाबा बरे होणार नव्हते.