आधीच लिहिलेलं 'समजलं'

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि त्याआधी चक्क एक दार होतो! सुताराने मला कापलं, तासलं, काळा रंग दिला. पण किल्लीचं भोक बुजवायचं विसरला. तोच माझा डोळा. पाळणाघराच्या भिंतीवर टांगल्यापासून मी त्यातूनच सगळं पाहतो.

सकाळी काय धांदल असते म्हणून सांगू! मुलांना सोडता सोडता मोठी माणसं माझ्यावर खडूने निरोप लिहितात. "दात येताहेत, चिडचिड समजून घ्या." "फार रडला तरच फोन करा, कळलं ना?" एक बाबा तर कचेरीतल्यासारखं लिहितात, "दूध कोमट असावे, नोंद घ्यावी." निरोप वाचला की स्वयंपाकाच्या मावशींनी शेजारी 'समजलं' लिहायचं, ही इथली रीत. तो शब्द दिसला की आयांचा जीव भांड्यात पडायचा. मी तर अभिमानाने फुगायचो!

पुढे मुलं वाढली, निरोप वाढले. मग मावशींनी युक्ती काढली. संध्याकाळी मला पुसलं की उजव्या बाजूला एकाखाली एक 'समजलं' लिहूनच ठेवायचं. "सकाळचं तेवढंच काम हलकं," त्या म्हणायच्या. पाळणाघर चालवणाऱ्या ताईही हसून सोडून द्यायच्या.

आणि तो दिवस उजाडला. आमची भिंगरी, तीन वर्षांची, एका जागी न ठरणारी. डॉक्टरांनी कालच सांगितलेलं तिच्या आईने घाईघाईने लिहिलं, "भिंगरीला शेंगदाणे अजिबात देऊ नका. घसा सुजतो, श्वास अडकतो." ताई रडणाऱ्या जुळ्यांना थोपटत होत्या. शेजारी 'समजलं' तर होतंच. आई निघाली.

आत मावशी ताटल्यांत दाण्यांची बिस्किटं मांडत होत्या!

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. नुसता खिळ्यावर लटकत राहिलो.

तेवढ्यात पावलं वाजली, धावणारी! दारात आई. एक चप्पल पायात, एक हातात.

"मावशी, मी लिहायच्या आधीच तुम्हाला समजलं कसं?"

"काय समजलं?"

"अहो, तेच विचारतेय!"

भिंगरीने बिस्किट तोंडाशी नेलं होतं. आईने झेप घेतली. बिस्किट उडालं ते थेट ताईंच्या चहात! जुळी रडणं विसरून टाळ्या पिटू लागली.

मावशींनी निरोप वाचला आणि मटकन खालीच बसल्या. "अगं बाई... पोरीला काही झालं असतं म्हणजे?"

आईही शेजारी बसली. "तुमचा तो एक शब्द वाचूनच मी रोज कामावर जाते हो, मावशी. आज कोपऱ्यावर गेले आणि पायच अडले."

त्यावर मावशी उठल्या, खडू घेतला आणि लिहिलं, "भिंगरीला दाणे नाहीत. घसा सुजतो. दाण्यांचा डबा आजच घरी नेते." अक्षर वाकडं, पण माझ्या अंगावर इतकं सुंदर काही आजवर उमटलं नव्हतं!

मित्रांनो, मला अधूनमधून ओल्या फडक्याने पुसत जा; खडूची धूळ डोळ्यात जाते. आणि कुणी विचारलं, "समजलं का?" तर नुसती मान डोलवू नका. काय समजलं, ते सांगा.

आता संध्याकाळ झाली आहे. मावशींनी मला लख्ख पुसलं आहे. उजवी बाजू पार कोरी! उद्या तिथे काय लिहिलं जाणार, ते अजून मलासुद्धा ठाऊक नाही!