हळदीच्या आधीचा हात

शिरपूरच्या बसस्टँडमागच्या बोळीत संगीताचं ब्युटी पार्लर आहे. मंदिरात दर्शनाला आलेल्या परगावच्या बायका कधी चुकून त्या बोळीत शिरतात, काचेत डोकावून केस सारखे करतात आणि निघून जातात. गिऱ्हाईक खरं गावचंच. लग्नसराईत तर तिथं पाय ठेवायला जागा नसते. गावात अशी नवरी सापडायची नाही, जिच्या हातांवरून संगीताची वॅक्सची पट्टी फिरली नाही.

आणि प्रत्येकीला ती तेच तेच सांगायची. वॅक्स करायचं ते हळदीच्या निदान दोन दिवस आधी. केस मुळासकट निघतो, कातडीची तोंडं उघडी पडतात, त्यांना मिटायला वेळ द्यायचा. त्या दिवशी कढत पाणी नको, साबण नको, सेंट नको, चुलीपाशी बसणं नको, तंग बाह्या नकोत. गार पाण्याचा कपडा ठेवायचा, कोरफडीचा गर लावायचा, आणि बेसन-हळदीचं तर नावही काढायचं नाही. मुली हसायच्या. "काकू, झाली तुमची पोथी सुरू," म्हणायच्या. पण ऐकायच्या, कारण न ऐकणारीचे हात त्यांनी पाहिलेले असत. कोपरापर्यंत लाल पुटकुळ्या, त्यावर हिरवा चुडा आणि अल्बमभर रडवेलं तोंड.

आता गंमत पाहा. ज्या हातांना ती हळदीसाठी तयार करायची, त्यांच्या हळदीला तिला कोणी बोलवत नसे. योगिनी, तिची एकुलती एक, चौथीत होती तेव्हा संगीताचा नवरा काविळीनं गेला. त्यानंतर ती वाशिमला जाऊन पार्लरचं काम शिकली, पोरीला शिकवलं, पुण्याला नोकरीला लावलं. या सगळ्याचं गावाला कौतुक होतं. लग्नाची पत्रिका तिच्या घरी न चुकता यायची. हळदीचं मात्र कोणी बोलत नसे आणि तीही विचारत नसे. गंमत कसली, डोंबल.

मागे बचतगटाच्या बायकांनी एकदा शपथ घेतली होती, की यापुढे नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवातून वगळायचं नाही. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. फोटोत पुढच्या रांगेत मधोमध संगीताची मोठी जाऊ, योगिनीची मोठीआई, बेबीबाई उभी होती. पुढं संक्रांत आली, वाण लुटून झालं, आणि शेजारच्या बेबीबाईच्या दारातून संगीताच्या दारात बोलवायला कोणी आलं नाही. तिनं त्याचंही काही वाटून घेतलं नाही, निदान तसं दाखवलं तरी नाही.

पण योगिनीचं लग्न आसेगावच्या मुलाशी ठरलं, आणि त्या रात्री पुण्याहून पोरीचा फोन आला. "आई, माह्या हळदीचं पह्यलं बोट तुहं. मी कोनाचंच आयकनार नाही. मोठीआई काही बी म्हनो." संगीता म्हणाली, "पाहू." पण फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ आपल्या बोटांकडे पाहत बसली. मेणानं आणि पावडरनं राठ झालेली बोटं. त्यानंतर तिनं लग्नाची जी काही धावाधाव केली, ती त्या एका बोटाच्या जोरावर केली. कपाटात मागं पडलेली लिंबाच्या रंगाची साडी तिनं इस्त्री करून आणली आणि कोणाला न दाखवता ठेवून दिली.

योगिनीच्या कंपनीनं सुट्टी देता देता जीव घेतला. ती ट्रॅव्हल्सनं उतरली तीच हळदीच्या दिवशी सकाळी. चहा व्हायच्या आत तिनं आईसमोर हात पसरले.

"आता नको," संगीता म्हणाली. "उशीर झाला. राहू दे असेच."

"आई, आसेगावच्या बाया फोटो काढतीन. पार्लरवालीची पोरगी अन् हात पाहा, म्हनतीन."

हे मात्र संगीताला लागलं. ती म्हणाली, "करतो मी. पन संध्याकाळी हाताले हळद घासू द्याची नाही. कपाळाले, गालाले, पायाले लावतीन ते लावू दे. हाताले नाही. कबूल?"

"कबूल."

मागच्या खोलीत तिनं मेण गरम करायला ठेवलं. आधी हात धुऊन पुसले, पावडर लावली, मनगटाजवळ जरासं मेण लावून ते फार तापलेलं तर नाही ना ते पाहिलं. कातडी ताणून धरायची, केसाच्या उलट झटक्यात ओढायचं, एका जागी दुसऱ्यांदा पट्टी लावायची नाही. एवढ्या नवऱ्या झाल्या, पण इतक्या जपून तिनं कोणाचेच हात केले नसतील. मधेच बेबीबाई ब्लाऊज द्यायला आत आली. योगिनीचं कन्यादान तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या, जगदेवरावांच्या हातून व्हायचं होतं, त्यामुळे घर सध्या तिचंच होतं. संगीतानं विचारलं, "ताई, आज मी हात लावला तं चालते ना?"

"न चालाले काय झालं व? वॅक्सले काय होते? तो तं धंदा हाय तुहा."

ती गेल्यावर संगीतानं गार पाण्यात पिळलेला कपडा पोरीच्या हातांवर ठेवला. अंगणातल्या कोरफडीचं पान चिरून गर लावला. मग मान खाली घालूनच विचारलं, "मले हाक मारशीन ना संध्याकाळी?"

"हो ना," योगिनी म्हणाली. ती मोबाईल पाहत होती.

संध्याकाळी आसेगावहून नवरदेवाची उष्टी हळद घेऊन बाया आल्या. मांडवात पाट मांडला. बेबीबाईनं परातीत हळद, बेसन आणि तेल चांगलं रगडून कालवलं. संगीता लिंबाच्या रंगाची साडी नेसून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिथं उभं राहायला कोणाची हरकत नव्हती. चहाचं पाहायला कोणीतरी लागतंच.

बेबीबाईनं पहिलं बोट लावलं. मग मामीनं, मग आत्यानं, मग गल्लीतल्या एकेकीनं. दर वेळी संगीता पाय पुढं टाकायच्या तयारीत असायची आणि दर वेळी दुसरंच कोणीतरी पाटाजवळ वाकायचं. योगिनीनं मान वर केली नाही. हाक आली नाही. तेवढ्यात बेबीबाईनं परातीतला मोठा गोळा उचलला आणि म्हणाली, "आन व ते हात इकडं."

तेव्हा संगीताला बोलावंच लागलं. ती दारातूनच म्हणाली, "ताई, हाताले नको. सकाळीच वॅक्स केलं हाय. बेसन घासलं तं पुरळ येते. पायाले लावा, गालाले लावा."

"हळदीनं पुरळ येते? हळद तं मानूस जखमेवर लावते."

"हो, पन आता कातडी उघडी हाय तिची. आजचा दिवस..."

"संगीता," बेबीबाई सावकाश म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "तुले लावता येत नाही, म्हनून आमाले बी लावू देत नाही काय?"

मांडवात बसलेल्या निम्म्या बायांच्या लेकीसुनांनी संगीताची पोथी स्वतःच्या कानांनी ऐकली होती, ऐकून घरी जाऊन पाळलीही होती. त्यांतली एकही 'ती बरोबर सांगते' म्हणाली नाही. सगळ्यांना एकदम पदर सारखे करायचे आठवले. संगीतानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती योगिनीकडे पाहत होती. सकाळी दिलेला एक शब्द होता, 'कबूल', तो पोरीनं पुन्हा म्हटला असता तरी पुरे होतं. पहिलं बोटही नको होतं तिला आता.

योगिनीनं आसेगावच्या बायांकडे पाहिलं. त्यांचे मोबाईल तिच्यावरच रोखलेले होते. मग तिनं दोन्ही हात पुढं केले.

"लावा, मोठीआई."

बेबीबाईनं मनगटापासून दंडापर्यंत अशी हळद घासली, की जणू भांडंच घासतेय. संगीता आत गेली आणि उतू जाणाऱ्या चहाखालचा गॅस तिनं बंद केला. ती रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो जावेचा नव्हता. जावेकडून तिनं कधी काही मागितलंच नव्हतं.

व्हायचं तेच झालं. लग्नाच्या दिवशी सकाळी योगिनी उठली ती हात खाजवतच. दोन्ही हातांवर लाल पुरळ, दंडाजवळ पिवळ्या तोंडाच्या पुटकुळ्या. घरात पळापळ झाली. मुलाकडच्यांनी पाहिलं तर काय म्हणतील, पोरीला काही रोग आहे म्हणतील, असं जो तो बोलू लागला. बेबीबाईला मात्र कारण लगेच सापडलं.

"हळदीच्या आधी कोनाचा हात लागला पोरीले?" ती म्हणाली. "मी काही बोलत नाही. पन ज्यानं त्यानं समजाव."

ज्यानं त्यानं समजलं. बेबीबाईनं मीठमिरच्या घेऊन दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका उठला, पुरळ जिथल्या तिथं राहिलं. मग बाया पाहुण्यांच्या नाश्त्याकडे वळल्या, आणि मागच्या दारातून योगिनीनं हळूच आईला आत बोलावलं.

संगीतानं एक शब्दही बोलून दाखवला नाही. "खाजवू नको, फोडू नको," एवढंच म्हणाली. माठाच्या पाण्यात स्वच्छ मऊ कपडा पिळून तिनं दोन्ही हातांवर ठेवला, तापला की काढला, पुन्हा गार करून ठेवला. हातांची आग कमी झाल्यावर पार्लरमधलं गुलाबी कॅलामाईन लोशन कापसानं टिपून लावलं आणि वाळू दिलं. ब्लाऊजच्या तंग बाह्यांची टीप उसवून त्या सैल केल्या. चुडा वर दंडाकडे सरकवायचा नाही, मनगटाशीच ठेवायचा, हेही सांगितलं. हळूहळू लाली ओसरली. पदर नीट घेतला तर कोणाला काही दिसणार नव्हतं.

योगिनीनं हात उलटसुलट करून पाहिले. तिला हायसं वाटलं. मग ती दाराकडे पाहत खालच्या आवाजात म्हणाली, "आई, तू हात लावला हे बाहेर नको सांगू. सासूच्या कानावर गेलं तं बरं दिसनार नाही. मोठीआईनं दृष्ट काढली, त्यानं उतरलं, असंच म्हनतो मी."

"म्हन."

"मले माहीत हाय ना आई, कायनं झालं ते. अन् उतरलं कायनं ते बी."

"माहीत हाय ना? झालं तं मंग," संगीता म्हणाली. माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं. अडाणी माणसाला माफ करता येतं.

लग्न लागलं. मुलाकडच्या बायांनी नवरीचे हात पाहिले, बांगड्या पाहिल्या, काही बोलल्या नाहीत. बेबीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला दृष्टीची गोष्ट सांगत होती आणि योगिनी शेजारी बसून मान हलवत होती. संगीता मांडवाच्या खांबापाशी उभी राहून ते सगळं पाहत होती.

पाठवणीच्या वेळी योगिनी मोठ्यानं रडली. बेबीबाईच्या, जगदेवरावांच्या, आत्याच्या, मामीच्या गळ्यात पडून झालं. मग ती गर्दीतून वाट काढत आईकडे आली. खरंच रडत होती, त्यात खोटं काही नव्हतं. तिनं मिठी मारायला दोन्ही हात पुढं केले.

संगीता मागं सरकली.

"राहू दे," ती म्हणाली. "लोक पाहून राह्यले."

बेबीबाईनं शेजारणीकडे वळून समाधानानं मान डोलावली. "पाहा," ती म्हणाली, "किती समजते बाईले."

योगिनीचे हात तसेच पुढं राहिले, काल मांडवात होते तसेच. बाही वर सरकली होती आणि मनगटाच्या वर लाली पुन्हा चढू लागली होती. त्यावर काय लावायचं ते संगीताला चांगलं ठाऊक होतं. तिनं आपले हात पदराखाली घेतले.