पाटावरचं नाव

कृष्णकांत सरांनी दिल्लीहून आणलेला टेपरेकॉर्डर चिंचणी गावात हंसाच्या घरच्या ओटीवर मांडला, आणि मग कळलं की ठकी गाणार नाही.

ठकी धवलारीण. गावातली लग्नं भटाच्या मंत्रांनी नाही, तिच्या धवल्यांनी, लग्नगाण्यांनी लागत. तिची भाची हंसा दिल्लीत याच सरांकडे स्पॅनिशच्या एम.ए.ला होती. स्पेनच्या मच्छीमारांची लग्नगाणी आणि आपले धवले, हा तिचा विषय. टेप माद्रिदच्या विद्यापीठाला आवडली तर तिथे दोन वर्षं शिकायला मिळणार, नाहीतर घरी येऊन बोंबील वाळवायचे. आणि सर दुपारच्या गाडीने परत निघणार होते.

"नवरी नाय, तं धवला कोनाला गाऊ?" ठकी म्हणाली. "रिकाम्या पाटाफुडं आमी गात नाय."

पौषात लग्न कुठून आणायचं? सर सारखे घड्याळ बघू लागले. शेवटी हंसाच पाटावर बसली. तिच्या आईने, हिराने, कोणी न सांगता हळदही आणली. अडल्यावर शहाणपण विद्वानांना सुचतं म्हणतात. इथे ते आईला आधीच सुचलेलं होतं.

टेप फिरू लागली. ठकीचा आवाज चढत गेला, नवरी म्हणून हंसाचं नाव आलं, आणि ठकी थांबली.

"नवऱ्याचं नाव?"

"कुठलंही घ्या," सर म्हणाले. "अभ्यासापुरतंच आहे."

"धवल्यात घेतलेलं नाव मांगं फिरत नाय," ठकी हंसाकडे बघत म्हणाली.

"दामू," आई म्हणाली.

घिवलीचा दामू, स्वतःची होडी असलेला. त्याची मागणी हंसाने दोनदा टोलवली होती. हंसाला आईचा संताप आला आणि रडूही आलं. उठली तर माद्रिद गेलं, बसली तर दामू. इकडे आड, तिकडे विहीर. सरांनी हाताने घाईची खूण केली.

"घे," हंसा म्हणाली.

ठकीने नाव घेतलं. सरांचा चेहरा खुलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामूची आई नारळ घेऊन आली आणि हिराने तो घेतला. दामू थांबायला तयार होता, दोन वर्षं काय, चार.

हंसाला माद्रिद मिळालं, आणि पुढच्या हिवाळ्यात तिथल्या प्राध्यापकांपुढे टेप लागली. हंसाने स्पॅनिशमध्ये ओळ न् ओळ समजावली. एकाने विचारलं, ते शेवटचं नाव कोणाचं?

"कोणाचं तरी घ्यावंच लागतं," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. त्या खोलीत आपलं लग्न लागतंय, हे तिला एकटीलाच ऐकू येत होतं.