डब्याची झबली

चिरंजीवांना एक डबा विकत घेता येत नव्हता, आणि त्यापायी सोफावाल्या काकूंचं डोकं पिकलं होतं.

डबा म्हणजे काही हत्ती नव्हे. टीव्हीला जोडायचा, कंट्रोलर हातात धरायचा आणि पडद्यावर गाड्या पळवायच्या, तो गेमचा डबा. चिरंजीव त्याला कन्सोल म्हणत. काकू डबाच म्हणत. ज्या वस्तूचं घरात अजून दर्शन नाही तिला एवढं मानाचं नाव द्यायची त्यांची तयारी नव्हती. चिरंजीव जेवायला बसले की फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवत. फोनमध्ये एक दाढीवाला रोज नवं खोकं उघडायचा, आतली वस्तू उलटीसुलटी करून दाखवायचा आणि शेवटी "निर्णय तुमचा" म्हणून निघून जायचा. चिरंजीव मान डोलवायचे आणि ताटातलं गार व्हायचं.

"काय ठरलं?" काकू विचारायच्या.

"आई, यात घाई करून चालत नाही. एकात डिस्क जाते, एकात जात नाही."

"मग जाते तो घे."

"डिस्क आता कोण घेतं? सगळं नेटवरून उतरवतात."

"मग न जाणारा घे."

"त्यात पुढे जागा कमी पडते. शिवाय पुढचं मॉडेल यायचंय."

"कधी यायचंय?"

"ते अजून जाहीर नाही झालेलं."

यावर काकू उठून मोरीत जायच्या आणि भांडी आपटायच्या. निदान भांड्यांना तरी मॉडेल नव्हतं.

हाच माणूस घराखालच्या आपल्या सोफ्यांच्या दुकानात असला की रेक्झिनचा अख्खा तागा बोटानं नुसता दाबून "हिणकस आहे, परत न्या" म्हणायचा. गिऱ्हाइकाचा कोच उलटा करून आतल्या पट्ट्या बघायचा आणि चहा निवायच्या आत सांगायचा की हा पुन्हा भरायचा की भंगारात द्यायचा. त्याचं बोट कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आणि हा पठ्ठ्या आता फोमवाल्याला, समोरच्या चष्मेवाल्याला, टेम्पोच्या ड्रायव्हरलासुद्धा विचारत फिरत होता, की तुम्ही असता तर कुठला घेतला असता. ड्रायव्हर म्हणाला, मी झोपलो असतो.

खेळायची हौस त्यांना स्वतःला असती तर काकूंनी ते घोंगडं खुशाल भिजत ठेवू दिलं असतं. पण डबा सोफावाल्यांसाठी हवा होता.

सोफावाले म्हणजे काकूंचे यजमान. उभा जन्म त्यांनी दाभण चालवलं होतं. मग अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र मिटून बसला. व्यायाम करून घ्यायला एक बाई घरी येऊ लागली. तिनं दाबायला रबरी चेंडू दिला. सोफावाल्यांनी तो खिडकीत ठेवून दिला. "मी काय पाळण्यात आहे का?" म्हणाले.

मग एके दिवशी एका गिऱ्हाइकाची खुर्ची पोचवायला टेम्पोत बसून तेही गेले, नुसतीच हवा खायला. त्या घरात गिऱ्हाइकाची म्हातारी आई टीव्हीसमोर बसून गाड्या पळवत होती. तिनं यांना शेजारी बसवलं, दुसरा कंट्रोलर यांच्या मांडीवर टाकला आणि हरवलं. एकदा नव्हे, खुर्ची आत जाऊन कव्हर चढेपर्यंत हरवत राहिली. वर विचारलं, "तुम्हाला भिंतीवर गाडी घालायची सवय आहे का हो?"

घरी आल्यावर सोफावाल्यांनी ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. आजारपणानंतर त्यांनी एवढं लांब वाक्य कधी काढलं नव्हतं. सांगताना उजवा अंगठा हलत होता. त्यांना कळलं नाही, काकूंना दिसलं.

व्यायामवाल्या बाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "उत्तम. असला एक डबा आणा. सध्या हात ऐकतोय, ऐकतोय तोवर त्याच्याशी बोलून घ्या. पुढे जसा राहील तसाच राहील."

चिरंजीव लगेच म्हणाले, "आणतो." त्यानंतर घरात फक्त काथ्याकूट आला.

काथ्याकूटही एक वेळ परवडला असता. पण चिरंजीवांनी झबली शिवली.

झालं असं की खालच्या दुकानातली फोमची धूळ जिन्यानं वर येते आणि डब्यात धूळ गेली की त्याचा पंखा बसतो, असं त्या दाढीवाल्यानं सांगितलं. मग काय. चिरंजीवांनी फोनमधून डब्याची लांबी-रुंदी उतरवून घेतली, उत्तम राखाडी रेक्झिन काढलं, आत पातळ फोम घातला, कडेनं पायपिंग फिरवली आणि डब्याचं कव्हर शिवलं. कोपरे असे बसवले की बघत राहावं. मग मन फिरलं आणि बिनडिस्कचा घ्यावा असं वाटलं. तो अंगानं बारीक, त्याला हे कव्हर ढगळ होईल. म्हणून दुसरं शिवलं, काळं.

टीव्हीखाली दोन्ही कव्हरं शेजारी शेजारी मांडली गेली. सून फडकं मारताना म्हणाली, "आई, ही पुसू की नको?"

"पूस बाई," काकू म्हणाल्या. "दोन दोन झबली शिवून झाली, बाळाचा पत्ता नाही. निदान झबली तरी स्वच्छ राहू देत."

काकू बोलून मोकळ्या झाल्या, पण सोफावाले मुलाच्या बाजूनं. "अगं, कापड एकदा कापलं की जोडता येत नाही," ते म्हणाले. "मीच शिकवलंय त्याला. बघू दे नीट."

"अहो, कापायला कात्री तरी उचलावी लागते. हा टेप गळ्यात घालून गिऱ्हाइकाच्या दारातच उभा आहे."

सोफावाले हसले. हसणं त्यांचं पहिल्यासारखंच होतं.

त्या आठवड्यात काकू दुपारी चहा घेऊन खाली उतरल्या. दुकानात सोफावाले एकटेच होते. त्यांनी ते काळं कव्हर खाली आणलं होतं, कारण एका कोपऱ्यात टाका निसटलेला त्यांच्या नजरेनं पकडला होता. दाभण उजव्या हातात धरून ते त्याच्याकडे बघत होते, नुसते बघत होते. मग दाभण पडलं. उचललं नाही त्यांनी. आधी दाराकडे बघितलं, आणि पायानं हळूच कोचाखाली सारलं.

काकू जिन्यात दोन पायऱ्या मागे सरल्या, मुद्दाम कपबशी वाजवली, मग उतरल्या. "चहा," म्हणाल्या. संध्याकाळी चिरंजीवांच्या दंडाला धरून त्या त्यांना डब्यांच्या दुकानात घेऊन गेल्या.

दुकानात विक्रेता बिचारा चांगला होता. त्यानं दोन्ही डबे काढून ठेवले. काकूंनी सवयीनं एकेक उलटा करून बुड बघितलं. काही कळलं नाही, पण बुड न बघता कुठली वस्तू घ्यायची रीत त्यांच्या घरात नव्हती. चिरंजीव मात्र सरळ बाजूनंच प्रश्न विचारत राहिले. पंखा किती वाजतो. रंग एवढाच का. नवं आलं तर हा बदलून देणार का. विक्रेत्यानं सगळ्यांची उत्तरं दिली, तशी चिरंजीवांचा चेहरा पडला. आता विचारायला काही उरलं नव्हतं.

"जरा बाहेर जाऊन विचार करतो," म्हणाले, आणि गेले.

काकू काचेतून बघत राहिल्या. चिरंजीव फुटपाथवर दिव्याच्या खांबाला टेकून उभे होते. काकूंना वाटलं, निघाला आता फोन, आला तो दाढीवाला. पण फोन खिशातच होता. चिरंजीव आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरून अंगठा मिटत होते, उघडत होते. पुन्हा मिटत होते. तोंड तसं केलं होतं, जसं लहानपणी गुडघा फुटल्यावर करत.

काकूंच्या मनात काहीतरी हललं, आणि रागही आला. हललं म्हणून जास्तच आला.

चिरंजीव आत येऊन म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू या, आई. तेव्हा चित्र स्पष्ट होईल."

विक्रेत्यानं दोन्ही डबे मुकाट्यानं परत ठेवले. काकूंनी त्याची माफी मागितली. मुलाच्या वतीनं माफी मागायची त्याच्या शाळेच्या दिवसांनंतर त्यांची ही पहिलीच वेळ.

दोघं रिकाम्या हातांनी घरी आले, तर कापायच्या टेबलावर सोफावाल्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पालथा घातलेला.

तो डबा दुकानाइतकाच जुना. कोचाच्या पोटातून जे निघेल ते त्यात जायचं. पैसे, कंगवे, किल्ल्या, कुणाची कवळीसुद्धा एकदा. गिऱ्हाइकाला फोन करून विचारायचं, ते "राहू द्या" म्हणाले तरच वस्तू आपली, हा सोफावाल्यांचा नेम. आणि कोच गिळतात त्या वस्तूंत गेमच्या डिस्का बऱ्याच असतात. सोफावाल्यांनी त्या सगळ्या वेचून, मऊ कापडानं पुसून टेबलावर ओळीत लावल्या होत्या. डाव्या हातानं पुसल्या असणार. पण उजवा हात प्रत्येकीवर कापड धरायला ठेवलेला असणार, कारण त्या मनगटाला फोमच्या धुळीचा पट्टा लागला होता.

"ही बघ," ते मुलाला म्हणाले. "गाड्यांची. त्या म्हातारीकडे हीच होती, चित्र ओळखलं मी. हिचा सराव केला ना, तर एकदा जाऊन बघतो तिच्याकडे." मग जरा ओशाळून, "चालेल ना आपल्या डब्यात?"

चिरंजीवांनी डिस्क उजेडात धरली. "जुन्या मॉडेलची आहे, बाबा. नव्यात चालते की नाही ते बघावं लागेल." आणि फोन काढला.

"बघ की," सोफावाले म्हणाले. "सावकाश बघ." आणि उजवा हात टेबलाखाली घेतला.

काकूंना तेवढं बस झालं.

सकाळी चिरंजीव माल पोचवायला बाहेर पडले आणि काकूंनी सुनेला चप्पल घालायला सांगितली. बिस्किटांचा डबा काखेत मारून दोघी त्या दुकानात शिरल्या. विक्रेता काकूंना बघून जरा मागे सरला.

"घाबरू नकोस, आज मुलगा नाही आणला," काकू म्हणाल्या आणि डिस्का त्याच्यासमोर ओतल्या. "यातल्या ज्यात जातात तो दे."

त्यानं एकेक पारखली. "या दुसऱ्या कंपनीच्या. हिला चरे पडलेत. ही गाड्यांची चालेल, आणि ही एक. डिस्कवाला घ्या मग. स्टोरेज किती हवं, काकू?"

"साठवायला घरात कपाट आहे."

"नवं मॉडेलही येतंय म्हणा, पुढे मागे."

"आलं की माझ्या नातसुनेला विक. कंट्रोलर दोन दे."

सून तोंडाला पदर लावून हसत होती. दुकानात शिरल्यापासून खोकं सुनेच्या हातात येईपर्यंत जेवढा वेळ गेला, तेवढ्यात चिरंजीवांचा दाढीवाला नमस्कारही पुरा करत नसे.

डबा सुनेनं जोडला. सोफावाले पाटावर बसवलेल्या मुलासारखे ताठ बसले. कंट्रोलर मांडीवर, डाव्या हातानं उजवा उचलून त्यावर ठेवला. गाडी सुटली आणि नेमानं भिंतीवर आदळली. पुन्हा सुटली, पुन्हा भिंत. बाकीच्या गाड्या कधीच्या निघून गेल्या, यांची एकटी भिंतीला नाक लावून घरघरत राहिली. अंगठा हलत नव्हता. काकू बघत होत्या आणि बघत नसल्यासारखं शेंगा सोलत होत्या. बऱ्याच वेळानं गाडीचं नाक भिंतीवरून इंचभर सरकलं. अंगठ्यानं सरकलं की अख्ख्या मनगटाच्या ढकलण्यानं, ते काकूंना नक्की सांगता आलं नसतं. सोफावाल्यांच्या कपाळावर घाम होता. कंट्रोलर काही त्यांनी खाली ठेवला नाही.

तेवढ्यात चिरंजीव जिना चढून आले. दारात थांबले. टीव्हीकडे बघितलं, राखाडी कव्हराकडे बघितलं, मग बाबांच्या हाताकडे, आणि तिथून नजर चटकन काढून घेतली.

"कुठलं मॉडेल आणलंस, आई?" ते म्हणाले. "निदान तारीख तरी बघितलीस का, कधी बनलंय ते?"

काकूंनी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं.

"तू डब्याची वाट बघत नव्हतास," त्या म्हणाल्या. "डबा आला आणि अंगठा नाही हलला तर काय, ते बघायचं तू लांबवत होतास. मला फुटपाथवर दिसलंय सगळं. अरे, नाही हलला तर नाही हलणार. पण ते बघायचं तर बाबांच्या शेजारी बसून, खांबाला टेकून नाही. त्यांना सावकाश म्हणायला आवडतं म्हणून तू सावकाश झालास, आणि त्यांचा हात तेवढा वेळ टेबलाखाली थांबला. तेव्हा आता ऐक. ती दोन्ही झबली उसव आणि त्यातला फोम माझ्या स्टुलाला लाव, फार टोचतं. पण ते नंतर. आधी तो दुसरा कंट्रोलर उचल आणि बस तिथं. एकट्यानं भिंतीवर आदळून कंटाळलेत ते."