पहिली भाकरी देवाची

विजयमालाच्या हातची कडक भाकरी आठ दिवस डब्यात राहिली तरी मऊ पडायची नाही. कवठे महांकाळच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून घरचा एक गाळा रिकामा पडला होता. तिथं भाकरी केंद्र काढायचं, हे ती तीन वर्षं मनात घोळवत होती. नवरा फौजेत, जम्मूकडं. तो फोनवर म्हणायचा, "आईला इचार." आई म्हणजे अंबूबाई, आणि गाळ्याची किल्ली अंबूबाईंच्या कमरेला.

"सिदोबाला इचारल्याबिगर आपल्या घरात काय हुत न्हाई," अंबूबाई म्हणाल्या.

मग कौल लावला. नाथाजी गुरवानं दोन ओल्या कळ्या देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. सहा महिन्यांनी पुन्हा लावला, डावी. पुढच्या वर्षी तिसऱ्यांदा लावला, तरी डावीच.

"देवाची येळ यावी लागती, सूनबाई."

विजयमालालाही ते पटायचं. तिची श्रद्धा काही उसनी नव्हती. रोज तव्यावरची पहिली भाकरी ती सिदोबाच्या नावानं बाजूला काढायची आणि मगच घरच्यांना वाढायची.

अशात धाकट्या दिराची सांगलीतली नोकरी सुटली आणि जाऊ संयोगिता घरी राहायला आली. "आक्का, मला बी शिकवा की," म्हणाली. विजयमालानं हातचं काही राखलं नाही. पिठात आधण किती, थापताना कड कशी धरायची, तव्यावरून उतरवून विस्तवाशी कशी उभी करायची, सगळं दाखवलं. देव आपल्याला देणार ते कोण पळवून नेतंय, असं तिला वाटायचं. भोळेपणाला औषध नसतं हेच खरं.

पाडव्याच्या सकाळी एक माणूस शिडी मागायला दारात आला. गाळ्यावर पाटी टांगायची होती म्हणे. पाटीवर लिहिलं होतं, 'संयोगिता कडक भाकरी केंद्र'.

विजयमालाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "आत्याबाई, हिचा कौल कवा लावला?"

"तिला कशाला कौल? शिकल्याली पोर हाय, नवरा घरात बसून हाय. तुला काय घाई हाय? तुझी बी येळ येईल."

म्हणजे देवाला विचारायचं ते थोरलीनं, आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या त्या धाकटीनं. विजयमाला त्या दिवशी जेवली नाही. कुणी विचारलंही नाही.

पंधरा दिवसांत भाकऱ्या परत यायला लागल्या. कडा फुटायच्या, दोन दिवसांत मऊ पडायच्या. शिकवून कळतं ते डोक्याला, हाताला वर्षं लागतात. अंबूबाई थोरलीकडं आल्या. "घरातच बसून हायस, जा की तिच्या हाताखाली. हवं तर देवाला इचार."

विजयमाला खरंच गेली देवळात. मनात अजून एक वेडी आशा होती, की निदान देव तरी नको म्हणेल. नाथाजीनं कळ्या लावल्या आणि हात मागं घेतो न घेतो तोच उजवी टपकन पडली.

"बघा! देव परसन्न झाला!" नाथाजी म्हणाला.

विजयमाला त्या कळीकडं बघत राहिली. तीन कौलांत जी कळी हलली नव्हती तिला आज दम निघाला नव्हता.

"नाथाजी, आता संयोगिताच्या केंद्राचा कौल लावा."

नाथाजीचा चेहरा उतरला. ताटातल्या कळ्या त्यानं उगीच सारख्या केल्या. "तसं कसं? अंबूबाई सांगतील तवा लावू की."

विजयमालाला जे कळायचं ते कळलं. ती हात जोडायचे ते न जोडताच बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाळ्यात गेली. जाणार नाही तर करणार काय, घर तर त्याच बाईच्या हातात. परातीत पीठ मळलं, भाकरी थापली. पहिली भाकरी तव्यावरून उतरली, पातळ, कुठं चीर नाही.

"आक्का, ही सिदोबाला ठिवा," संयोगिता कौतुकानं म्हणाली.

विजयमालानं भाकरी मोडली आणि उभ्या उभ्या तोंडात घातली.

"आवं आक्का! देवाची व्हती की!"

"व्हय," विजयमाला घास चावत म्हणाली. "थांबंल त्यो. त्याची बी येळ यावी लागती."