आईच्या उशीचा वास

चर्रर्र... अभ्र्याची चेन सरकली आणि भरदुपारच्या निजलेल्या घरात तो एवढासा आवाज केवढा तरी मोठा वाटला. घरातल्या धाकट्या सुनेने श्वास रोखून पाळण्याकडे पाहिलं. बाळ हललं नाही. नशीब! तीन महिन्यांच्या त्या सरदाराला टाचणी पडली तरी जाग यायची.

तिने उशीवरून अभ्रा ओढून काढला आणि तोंड फिरवलं.

शी! पिवळ्या डागात तपकिरी डाग, त्यात आणखी एक, कडा गंजल्यासारख्या. एका कोपऱ्यात वाळलेली लाळ चकाकत होती, गोगलगाय फिरून गेल्यासारखी. मधोमध दूध सांडून कापड खळ घातल्यागत कडक झालेलं, आणि त्यात बाळंतपणानंतर मूठमूठ गळणारे तिचेच केस चिकटून बसलेले. तिने नाक जवळ नेलं मात्र, तसंच मागे घेतलं. आंबलेलं दूध, घाम, तेलकट डोकं. दुसऱ्या कुणाची असती तर चिमटीत धरून फेकली असती. पण ही घाण परक्याची नव्हती. सगळी तिच्याच अंगातून पाझरलेली.

म्हणजे पोरगी खोटं बोलत नव्हती.

पाच वर्षांच्या भिंगरीने चार दिवसांपूर्वी सगळ्यांदेखत नाक दाबून जाहीर केलं होतं, "ईऽऽ, आईच्या उशीला नासक्या दुधाचा वास येतो!" आणि पांघरूण फरफटत ती मोठ्या काकूच्या खोलीत झोपायला निघून गेली, ती अजून परतली नव्हती. सगळे हसले होते. धाकटीही हसली. मग न्हाणीघरात नळ सोडून रडली. आज सकाळी मात्र तिने लेकीकडून कबूल करून घेतलं होतं, की उशी धुतली तर रात्री आईजवळच झोपायचं.

टबात कोमट पाणी, साबणाची पूड, वर मूठभर सोडा. उशी बुडवून ती पायांनी तुडवू लागली. दर पावलाला फसफसून बुडबुडे यायचे आणि मागोमाग चहाच्या रंगाचं पाणी. पायाच्या बोटांमध्ये काहीतरी बुळबुळीत शिरलं तशी ती शहारली. दुसऱ्या पाण्याचाही तोच रंग. तिसरं जरा बरं.

"पिळू नकोस गं!" मोठ्या जाऊबाई दारातून ओरडल्या. "आत गोळे होतील. दाबून काढ पाणी. उशी आहे ती, नवरा नव्हे पिळायला!"

"वहिनी, हसवू नका. आधीच मळमळतंय मला."

"आम्ही काय गुलाबपाण्यात वाढवली पोरं?" जाऊबाईंनी पदर खोचला आणि दुसऱ्या टोकाला बसून उशी दाबायला घेतली. "पण दोन दिवस कडक ऊन दाखव हं हिला. वरून वाळल्यासारखी वाटते, पोटातली ओल लबाड असते."

"दोन दिवस कुठले? ती आज यायचं म्हणालीय."

"मग आजच्यापुरती माझी ने."

"नको!" धाकटी जरा जोरातच बोलली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुमच्या उशीवर तर ती झोपतेच आहे, वहिनी."

जाऊबाईंनी उशी उलटवून पुन्हा दाबली. नुसतंच पाणी निथळत राहिलं.

बाळाला पाजायचं, निजवायचं आणि पळत गच्चीवर जाऊन उशी पालथी करायची, थोपटायची. दुपार अशीच गेली. ऊन उतरलं तेव्हा कापड छान कुरकुरीत लागत होतं. मधोमध दाबल्यावर हाताला गार वाटलं खरं. 'गार म्हणजे काही ओलं नव्हे,' तिने स्वतःला बजावलं आणि नवा अभ्रा चढवला.

जेवणं उरकताच भिंगरी खरंच आली. उशीवर धपकन डोकं टेकलं. उशी दबली आणि तिच्या पोटातून ओल्या पोतेऱ्याचा कुबट भपकारा वर आला. आधी तो धाकटीलाच आला. आता लेकीचं नाक आक्रसेल, पाठ फिरेल, काकूच्या दाराची कडी वाजेल, या भीतीने तिने डोळे मिटून घेतले.

भिंगरी उठून बसली. पण गेली नाही. तिने उशी हुंगली, आईचा दुधाने भिजलेला खांदा हुंगला, पाळण्याकडे बराच वेळ पाहिलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं,

"आई, बाळ आलंच नसतं, तर तुला असा वास आला असता का गं?"